अवजारे भिंतीवर जरूर लावा, पण भिंत कशाची ते आधी पाहा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या छोट्या कार्यशाळेविषयी नुकताच एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला. खोलीत कपाटे आणि पेट्या भरण्याऐवजी अवजारे भिंतीवर टांगावीत, म्हणजे जमीन मोकळी राहते आणि हवी ती वस्तू समोर दिसते, हे त्या लेखाचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूल रूममध्ये मी ३४ वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर सिडकोतील घराच्या मागच्या ९ बाय ७ फुटांच्या खोलीत फिटिंगची व थोडीफार सुतारकीची कामे करीत आलो आहे. त्या खोलीतील जवळजवळ प्रत्येक अवजार भिंतीवर आहे. तरीही तो लेख वाचून मी अस्वस्थ झालो, कारण रॅक, हुक, पट्ट्या आणि फळ्या यांची भरपूर माहिती त्यात असूनही, ज्या भिंतीवर हे सारे टांगायचे ती भिंत कशाची आहे याबद्दल एक ओळही नव्हती. नाशिकमध्ये अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारती पाहता हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी पाथर्डी फाटा परिसरातील माझ्या मुलाच्या नव्या सदनिकेत जे घडले ते सांगितल्यावाचून माझे म्हणणे नीट कळणार नाही. मुलाने माझ्याकडची काही अवजारे आपल्या घरी नेली होती : एक ड्रिल मशीन, हातग्राइंडर, पान्यांचा संच आणि स्क्रू-खिळ्यांचे डबे. ती ठेवण्यासाठी त्याने एका कारागिराकडून दीड फूट रुंदीच्या दोन फळ्यांची मांडणी भिंतीवर बसवून घेतली. कारागिराने नेहमीची ८ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गिट्टी (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भिंतीतल्या भोकात बसवतात ती नळी) वापरली, नेहमीचे स्क्रू वापरले, आणि हाताने हलवून पाहिली तेव्हा मांडणी अगदी घट्ट होती. तीन महिने ती तशीच उभी राहिली. एका दुपारी ती वरच्या बाजूने सुटली, पुढे झुकली आणि सगळ्या सामानासह खाली आली. खाली माझ्या नातीचे अभ्यासाचे टेबल होते. ती त्या वेळी शाळेत होती, एवढे आमचे भाग्य. मी संध्याकाळी जाऊन पाहिले तेव्हा प्रत्येक गिट्टी स्क्रूला घट्ट धरून अखंड बाहेर आलेली होती. स्क्रू तुटला नव्हता, गिट्टी फाटली नव्हती, फळीही मोडली नव्हती. भिंतीनेच हात सोडला होता. खड्ड्यात बोट घातले तर पांढरट राखाडी भुकटी निघाली आणि नखाने खरवडले तरी आणखी निघत राहिली.

त्या कारागिराला मी दोष देत नाही. लाल विटांच्या भिंतीत त्याने आयुष्यभर जे केले तेच त्याने इथेही केले, आणि विटांच्या भिंतीत ते टिकलेही असते. ही भिंत मात्र एएसी, म्हणजे ऑटोक्लेव्हड एरेटेड काँक्रीटच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची होती. आपल्याकडे तिला सर्रास सिपोरेक्सची भिंत म्हणतात. सिपोरेक्स हे मूळचे एका स्वीडिश उत्पादनाचे नाव, पण बोलण्यात ते आता कोणत्याही हलक्या ब्लॉकला लागते. सिमेंट, चुना आणि औष्णिक वीज केंद्रातील राख किंवा बारीक वाळू यांच्या ओल्या मिश्रणात अॅल्युमिनियमची थोडीशी पूड मिसळली की तिच्या क्रियेतून हायड्रोजन वायू सुटतो, मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगून येते, आणि मग ते कापून दाबाखालच्या वाफेत पक्के केले जाते. अशा एक घनमीटर ब्लॉकचे वजन साधारणपणे ५५० ते ६५० किलो भरते, तर विटांच्या बांधकामाचे त्याच्या तिपटीच्या आसपास जाते. इमारतीवरचा भार कमी होतो, बाहेरची उष्णता आत कमी येते आणि काम झपाट्याने उरकते, त्यामुळे हा माल वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ज्या पोकळ्यांमुळे ब्लॉक हलका होतो, त्याच पोकळ्यांमुळे गिट्टीला धरायला माल कमी मिळतो. साधी गिट्टी स्क्रू आत जाताना फुगते आणि भोकाच्या कडेवर दाब देऊन अडकते. वीट तो दाब सोसते, हा ब्लॉक मात्र त्या दाबाखाली चुरतो. त्यातच ३५ मिलिमीटर लांबीच्या गिट्टीचा १२ ते १५ मिलिमीटर भाग प्लॅस्टरमध्येच जातो, म्हणजे प्रत्यक्ष ब्लॉकमध्ये २० मिलिमीटरच्या आसपास लांबी उरते आणि मांडणीचा सारा भार तेवढ्यावर येतो.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण भिंतीवरची कोणतीही सोय निवडताना हा हिशेब हाताशी असला तर निम्म्या चुका टळतात. समजा २४ किलो सामान ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर सारखे पसरले आहे. त्याचा भार भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर एकवटला आहे असे धरता येते. ब्रॅकेटची भिंतीला टेकलेली उभी बाजू २० सेंटिमीटर असेल तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर २४ गुणिले १५ भागिले २०, म्हणजे १८ किलो होतो. फळी ४५ सेंटिमीटर केली आणि सामान तेवढेच ठेवले तर हाच जोर २७ किलोवर जातो. आता तेच २४ किलो सामान फळीवर न ठेवता ६० सेंटिमीटर उंचीच्या सपाट पाटीवर टांगले, आणि अवजारांचा भार भिंतीपासून सरासरी ४ सेंटिमीटरवर राहिला, तर बाहेर ओढणारा जोर २४ गुणिले ४ भागिले ६०, म्हणजे जेमतेम १.६ किलो उरतो. खाली ओढणारे वजन तिन्ही वेळा २४ किलोच आहे, पण स्क्रू भिंतीतून उपटून काढणारा जोर दहापटींहून अधिक बदलला. स्क्रू आणि गिट्टी खाली सरकण्याला पुष्कळ विरोध करतात. सरळ बाहेर ओढले जाण्याला ते तितका विरोध करू शकत नाहीत. भिंत कमकुवत असेल तर रुंद फळीऐवजी सपाट पाटी घ्यावी, आणि फळी हवीच असेल तर ती अरुंद ठेवून ब्रॅकेटची उभी बाजू लांब घ्यावी, हे मी ठामपणे सांगतो ते यामुळेच. मुलाच्या घरची मांडणी दीड फूट बाहेर आलेली होती.

फळीविषयी आणखी एक गोष्ट इथेच नमूद करतो. दोन ब्रॅकेटमधले अंतर दुप्पट केले आणि फळीच्या प्रत्येक फुटावर पूर्वीइतकाच भार ठेवला, तर फळीचा झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडला दोन फुटांपेक्षा लांब अंतर देऊ नये असा माझा नियम आहे.

भिंत कशाची आहे हे कोणत्याही यंत्राशिवाय ओळखता येते, ते ड्रिलच्या भुकटीवरून. आधी प्लॅस्टरची पांढरी किंवा करडी पूड येते, ती मोजायची नाही. त्यानंतर लाल पूड आली तर वीट. कडक राखाडी पूड येऊन ड्रिल पुढे जाताना धडपडू लागले तर काँक्रीटचा कॉलम किंवा तुळई. एकदम अडले तर सळई लागली असे समजून जागा दोन इंच बदलावी. राखेच्या विटांची भुकटीही राखाडी असते, पण ती विटेसारखीच बेताने निघते. आणि ड्रिल जर लोण्यात सुरी जावी तसे आत गेले, भुकटी हलकी, पांढरट आणि भरपूर निघाली, तर ती एएसीची भिंत. ही चाचणी फळीच्या मागे झाकल्या जाणाऱ्या जागी, ५ मिलिमीटरच्या बारीक बिटाने घ्यावी. मी हल्ली कोणाच्याही घरी काही बसवायला गेलो की आधी हे एकच भोक पाडतो, भुकटी कागदावर घेतो आणि घरमालकाला दाखवतो.

एएसीच्या भिंतीत काम करता येत नाही असा गैरसमज मात्र होऊ नये. अशा भिंतीत ड्रिलचा हातोडी ठोक बंद ठेवून नुसत्या फिरत्या गतीने भोक पाडावे, कारण ठोक्याने भोकाचे तोंड फुटून ते मोठे होते. गिट्टी खास याच ब्लॉकसाठी बनवलेली, मळसूत्रासारख्या रुंद पंखांची आणि लांब घ्यावी. ती कडेवर दाब देण्याऐवजी मालात स्वतःची वाट कोरून बसते. भोकातली पूड फुंकणीने किंवा सायकलच्या पंपाने पूर्ण काढावी. भार मोठा असेल तर रसायन भरून बसवायचा अँकर मिळतो, आणि भिंत घराच्या आतली, दोन्ही बाजू आपल्याच असतील तर आरपार बोल्ट काढून पलीकडे रुंद पट्टी लावणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. यांतील प्रत्येक गोष्ट साध्या गिट्टीपेक्षा महाग पडते. पण मुलाच्या घरी आम्ही जे गमावले असते त्यापुढे तो खर्च काहीच नाही.

भिंतीवर वस्तू ठेवण्याची कला आपल्याला परदेशी चित्रांतून शिकावी लागते, याचेही मला वाईट वाटते. जुन्या नाशकातील वाड्यांत मी लहानपणी राहिलो आहे. त्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींत कोनाडे होते, फडताळे होती, आणि खुंट्या होत्या. खुंटी नंतर ठोकलेली नसे. भिंत रचतानाच लाकडाचा लांब दांडा आत खोलवर घालून वर बांधकाम चढवलेले असे, त्यामुळे भिंतीचेच वजन त्या खुंटीला दाबून धरत असे. पखाल टांगा, जोडीच्या कंदिलांचा भार टाका, ती हलत नसे. स्वयंपाकघरातील ताटा-वाट्यांची मांडणी आजही प्रत्येक घरात आहे, आणि नीट पाहिले तर प्रत्येक वस्तूला तिची खाच ठरवून देणारी, भिंतीपासून फार बाहेर न येणारी आणि पाणी निथळू देणारी तशी दुसरी उत्तम रचना मला दिसलेली नाही. माझ्या खोलीतील पान्यांची पट्टी मी आईच्या मांडणीवरूनच बेतली : पत्र्याच्या पट्टीत क्रमाने खाचा, ६ मिलिमीटरचा पाना डावीकडे, ३२ चा उजवीकडे. एखादी खाच रिकामी दिसली की कोणता पाना बाहेर आहे हे न मोजता कळते.

त्या लेखात तिरकस कापलेल्या पट्ट्यांच्या पद्धतीचा ओझरता उल्लेख होता. तिला फ्रेंच क्लीट म्हणतात, आणि घरच्या कार्यशाळेसाठी मला ती सर्वांत जास्त पटते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १८ मिलिमीटर प्लायवूडची सुमारे ६ इंच रुंदीची लांब पट्टी घेऊन तिला मधोमध ४५ अंशांत उभी चिरावी. दोन तुकडे मिळतात. एक तुकडा भिंतीवर असा बसवावा की त्याची तिरकी कड वर येईल आणि तिचा उतार भिंतीकडे राहील, म्हणजे कड आणि भिंत यांच्यात खोबण तयार होईल. दुसरा तुकडा अवजाराच्या पाटीच्या मागे उलटा बसवावा आणि पाटी वरून त्या खोबणीत सोडावी. पाटीचे वजन तिला खाली तर ओढतेच, शिवाय उतारामुळे भिंतीकडेही ओढते; वजन वाढेल तशी पकड घट्ट होते. भिंतीवर अशा आडव्या पट्ट्या हातभर अंतराने एकाखाली एक लावल्या की रंध्याची पाटी, पटाश्यांची पाटी, ड्रिलचा खण यांपैकी काहीही कुठेही सरकवता येते आणि नव्या जागेसाठी भिंतीत पुन्हा भोके पाडावी लागत नाहीत. एका लांब पट्टीला भिंतीत आठ-दहा ठिकाणी स्क्रू मिळतात, त्यामुळे भार वाटला जातो. कमकुवत भिंतीला हे फार मोलाचे आहे. पट्टी बसवताना पाणसळ दोनदा लावावी, कारण पहिली पट्टी तिरकी गेली तर तिच्यावरचे सगळेच तिरके जाते.

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो कोणी सांगत नाही. पाटीला खालून धक्का बसला तर ती खोबणीतून उचलली जाते. खाली काम करताना लांब पाइप उभा करणारा माणूस किंवा टेबलावर चढलेले मूल एवढा धक्का सहज देऊ शकते. म्हणून ज्या पाट्या रोज हलवायच्या नाहीत त्यांना खालच्या बाजूने एक स्क्रू घालून त्या जागेवर अडकवून टाकाव्यात.

भोकांच्या पत्र्याची किंवा हार्डबोर्डची पाटी, जिला पेगबोर्ड म्हणतात, दिसायला सर्वांत सुबक असते आणि छायाचित्रांत तीच जास्त दिसते. एक इंच अंतरावर पाव इंचाची भोके आणि त्यांत अडकवायचे हुक, अशी तिची ठेवण. हलक्या वस्तूंना ती चांगली, पण तिच्या मागे हुक वळण्यासाठी पाऊण इंच पोकळी सोडावी लागते, आणि हार्डबोर्डची पाटी आपल्या पावसाळ्यात फुगते. घ्यायचीच तर पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची घ्यावी. सातपूर-अंबडमधील फॅब्रिकेशनच्या छोट्या कारखान्यांतून ती हव्या त्या मापाची करून मिळते. पक्कड उचलताना हुकही हातात येणे हा तिचा रोजचा त्रास आहे; हुकच्या बुडाला अडकवायची छोटी चाप मिळते, ती लावली की तो जातो.

कारखान्यातून मी जर एकच गोष्ट घरी आणली असेन तर ती सावलीची पाटी. सातपूर, अंबड, सिन्नर येथील कारखान्यांत काम केलेल्या हजारो लोकांना जपानी ‘५ एस’ पद्धत ठाऊक आहे : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. त्यातील सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूची जागा ठरवणे, आणि त्याचे सर्वांत सोपे रूप म्हणजे पाटीवर प्रत्येक अवजाराच्या आकाराची रंगवलेली सावली. हातोडी काढली की तिची काळी आकृती मागे उरते. दिवसाचे काम संपल्यावर पाटीकडे एक नजर टाकली की काय परत आले नाही ते समजते. कारखान्यात याचा उपयोग यंत्राच्या आत एखादा पाना विसरू नये म्हणून होत असे, आणि विसरलेला पाना यंत्र सुरू झाल्यावर काय करतो ते मी पाहिलेले आहे. घरी त्याचा उपयोग वेगळा झाला. माझी नात सात वर्षांची असल्यापासून सावलीवरून अवजार ओळखून जागेवर लावते. गुण्या, ओळंबा, गिरमिट, कानस ही नावे तिला पाटीमुळे पाठ झाली. तिच्या वर्गातील मुलांना हे शब्दही ऐकून माहीत नाहीत. अवजार पेटीत बंद राहिले की त्याचे नावही बंद होते, असे मला वाटते.

कोणती वस्तू कशी टांगावी यालाही शास्त्र आहे, पण त्याचा विस्तार करीत नाही. कानशी एकमेकींना लागू देऊ नयेत, त्यांचे दात एकमेकींवर घासून बोथटतात. पटाशीची धार लाकडाच्या खाचेत राहावी, लोखंडाला टेकू नये. चुंबकाची पट्टी स्क्रू ड्रायव्हरच्या बिटांना ठीक, मायक्रोमीटर आणि व्हर्नियर ही सूक्ष्म मापे घेण्याची साधने तिच्या जवळपासही नकोत. जड वस्तू कमरेच्या उंचीला, रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंत, आणि थिनर किंवा रंगाचे डबे भिंतीवर अजिबात नकोत. ते खाली, ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून दूर, झाकण लावून ठेवावेत.

पावसाळ्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. नाशिकमध्ये पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरतात, आणि अशा भिंतीला चिकटून टांगलेल्या अवजारांना आठवड्याभरात तांबूस रंग चढतो. म्हणून कार्यशाळेची पाटी शक्यतो आतल्या भिंतीवर असावी, आणि बाहेरच्याच भिंतीवर लावावी लागली तर मागे इंचभर जागा सोडून हवा खेळती ठेवावी. प्लायवूड घेताना ‘आयएस ७१०’ हा शिक्का असलेले सागरी प्रतीचे घेतले तर ओलीला ते अधिक टिकते. मृगाच्या आधी मी सगळी अवजारे मशीनच्या तेलाच्या फडक्याने पुसून घेतो. लटकलेले अवजार पुसायला सोपे असते, पेटीच्या तळाचे विसरले जाते. गोदाकाठच्या बाजारपेठेत दुरुस्तीचे छोटे दुकान असलेले माझे एक परिचित २ ऑगस्ट २०१६ चा पूर अजून विसरलेले नाहीत. त्या दिवशी दुकानात पाणी शिरले तेव्हा जमिनीवरच्या पेट्यांतील सारा माल चिखलात गेला, आणि भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगलेली हत्यारे तेवढी कोरडी राहिली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या हत्यारांवरच काम पुन्हा सुरू केले.

भिंतीचा भरवसाच वाटत नसेल तर आणखी एक मार्ग आहे, आणि मुलाच्या घरी शेवटी आम्ही तोच निवडला. अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारातून मी एकेकाळी भोकांचे अँगल आणून ठेवले होते. त्यांचे दोन खांब उभे करून त्यांचे बूड जमिनीवर टेकवले, खाली लोखंडी चकत्या दिल्या, आणि खांबांना फ्रेंच क्लीटच्या तिरकस कडेच्या पट्ट्या आडव्या बोल्टने बसवल्या. सारे वजन खांबांतून जमिनीवर जाते. भिंतीतील चार स्क्रूंचे काम फक्त खांब पुढे झुकू न देणे एवढेच. घर भाड्याचे असेल त्यांनाही हाच मार्ग सोयीचा आहे.

आता ज्या मागणीसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले तिच्याकडे येतो. मुलाच्या घरी नवे स्क्रू कुठे घालावेत हे ठरवताना आमच्यापुढे भिंतीच्या मालापेक्षाही अवघड प्रश्न उभा राहिला : भिंतीच्या आत वीज आणि पाण्याच्या नळ्या कुठून गेल्या आहेत? स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नये, नळाच्या रेषेत पाडू नये, हे सामान्य नियम आम्ही पाळले; ज्या खोलीत काम करायचे तिचा वीजपुरवठा बंद करून ड्रिलला शेजारच्या खोलीतून जोडणी दिली. परंतु नळ्या नेहमी सरळच गेलेल्या असतात असे नाही, आणि आतून वायर कशी वळली आहे हे प्लॅस्टरवरून कोणालाही कळू शकत नाही. मुलाला ताबा मिळताना चाव्या मिळाल्या, पावत्या मिळाल्या, रंगाच्या छटेचे क्रमांकसुद्धा मिळाले. कोणती भिंत कशाची आणि तिच्या आत काय आहे हे सांगणारा कागद मिळाला नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवणे ही विकसकाची जबाबदारी आहे. त्याच भावनेने प्रत्येक सदनिकेच्या भिंतींची माहिती तिथे राहणाऱ्यालाही मिळावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आपल्या वृत्तपत्राने शहरातील विकसकांपुढे ही मागणी मांडावी. हार्डवेअर दुकानदारांनाही एक विनंती आहे : गिट्टी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी भिंत कशाची ते विचारावे, आणि एएसीची गिट्टी दुकानात ठेवावी. मुलासाठी ती शोधताना मला चार दुकाने फिरावी लागली.

मुलाच्या घराचा असा कागद मी आता स्वतःच तयार केला आहे. टेप, पाणसळ, चाचणीची भोके आणि स्विचबोर्ड उघडून नळ्यांची दिशा पाहणे, यात माझे दोन रविवार गेले. कागदावर प्रत्येक भिंत कशाची, कॉलम कुठे, कोणत्या पट्ट्यात भोक पाडू नये, हे लाल-निळ्या पेन्सिलीने दाखवून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. बांधकाम चालू असताना, नळ्या उघड्या दिसत असताना आणि प्लॅस्टर चढण्याआधी, भिंतीला टेप लावून काढलेल्या एका छायाचित्रात हे सारे आले असते.

आपला,
सिडको, नाशिक येथील एक निवृत्त टूल रूम कामगार